पायमशीनवरचं वारं

मंगळ. २१ जाने. ८६

आज परत झालं. तिसरी वेळ. दुपारी पावणेदोनला, परकराची लांब शिवण मारत होते तेव्हा. पाय एका लयीत, मांड्या मिटलेल्या, डोक्यात काही नाही. आधी ऊब आली, मग ओटीपोटात काहीतरी आवळत गेलं, आवळत गेलं आणि एकदम सुटलं. कानात शीळ वाजली. भानावर आले तेव्हा कापड संपलं होतं आणि सुई नुसतीच खाली-वर चालली होती.

भीती वाटली. खोटं कशाला लिहू, भीतीच्या आधी फार बरं वाटलं.

ह्याला म्हणतात काय ते माहीत नाही. सासूबाईंच्या गावी देवळात बायकांच्या अंगात वारं येतं, ते असंच असेल. म्हणून इथे नुसतं 'वा.' लिहीन. मंजू आता चौथीत आहे, सापडेल ते वाचत सुटते.

शुक्र. २४ जाने.

शुक्रवार म्हणजे घाटकोपरचा दिवस. शिवलेले परकर कारखान्यात द्यायचे, बेतलेल्या कापडाचं नवीन बंडल घेऊन मुलुंडला परत. जिन्यात खालच्या पाटकरबाई भेटल्या. "सुषमा, दुपारची जरा कमी चालव गं ती मशीन. माझ्या डोक्यावरच घरघरते."

म्हटलं, आज तर मी अकरापासून घाटकोपरला होते.

"मग काय तुझी सावली शिवत होती?" हसत सुटल्या. मला हसू आलं नाही.

सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, त्या दुपारी देवळात होत्या.

सोम. २७ जाने.

पायमशीन घरात येऊन आज तीन आठवडे झाले. भांडुपला कुसुमताई म्हणून एक होत्या, लग्न न केलेल्या, जन्मभर ब्लाउज शिवले. त्या वारल्या. भाचीला मशीन नको होती. ह्यांना त्यांच्या कारखान्यात कुणाकडून तरी कळलं आणि हे टेंपोत घालून घेऊन आले. हे फिटर, लोखंडावर जीव. दर रविवारी स्वतः तेल घालतात, मला हात लावू देत नाहीत.

सासूबाई पहिल्या दिवसापासून नाराज. "मेल्या माणसाची वस्तू घरात हाडतत काय?"

आज मोठं वा. आलं. डोळे उघडले तर सासूबाई समोर, हातात तांदळाचं सूप, पाखडायच्या थांबलेल्या. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे.

"काय गो, तुका काय होता?"

"काही नाही. ऊन लागलं."

"घरात खंयचा ऊन?"

गुरु. ३० जाने.

आत्तापर्यंत आठ वा. सगळी सारखी नसतात. लहान वा. शिंकेएवढं, आलं नि गेलं. मोठं वा. भरतीसारखं, लांबून येताना कळतं. एकदा एकामागोमाग तीन आली, मधे श्वास घ्यायला फुरसत नाही. एकदा उगाच रडू आलं. एकदा इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबला. परवा तर मशीन नव्हती, दुपारची जरा लवंडले होते, झोपेतच आलं नि जाग आली.

ह्यांच्याबरोबर कधीच नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही. हे वाईट नाहीत. मारत नाहीत, पीत नाहीत, माझं डोकं दुखलं तर बाम चोळतात. त्यांचं झालं की "झोप आता" म्हणून कूस बदलतात. मला वाटायचं, ते एवढंच असतं. त्यांना जे होतं ते पुरुषांचं, आणि बायकांचं म्हणजे मंजू.

रवि. २ फेब्रु.

तेल घालायला ह्यांनी मशीन फळीतून उचलून मागे कलती केली. फळीच्या खालच्या अंगाला पेन्सिलच्या रेघा. शेकड्यांनी.

"बाई ब्लाउज मोजत असतील," हे म्हणाले.

मी वाकून पाहिलं. काही रेघा लहान, काही लांब. मधेच कुठे तीन रेघा जवळजवळ, खालून एकीने जोडलेल्या. ही डायरी बॉबिनच्या डब्याखाली असते, कोणी बघितलेली नाही. लहान, मोठं, लागोपाठ तीन. हे मी लिहिलं त्याच्या आधी कोणीतरी तिथे लिहून ठेवलं होतं.

रात्रीचा एक वाजला, अजून त्या रेघा डोळ्यांसमोर.

गुरु. ६ फेब्रु.

भांडुपला जाऊन आले. भाची चांगली आहे, पोह्याचा आग्रह केला. उगाच सुईचा नंबर विचारायला आले म्हटलं. मग हळूच विचारलं, मावशी कशा होत्या?

"दुपारी दार लावून शिवायची. हाक मारलेली चालायची नाही. तोंड असं व्हायचं ना, जशी कुणाचं तरी ऐकतेय." मग हात पुसत म्हणाली, "शेवटच्या वर्षी डोळे गेले, तरी बसायची. मशीन चालायची पण दोरा नसायचा. रिकामी मशीन चालवू नये म्हणतात ना? आम्ही घाबरायचो. म्हणून तर विकली."

पोहे तसेच ठेवून निघाले. मशीनवर बसलं की कुसुमताई माझ्यात येतात, दुसरं काय?

बुध. १२ फेब्रु.

चार दिवस मशीनला शिवले नाही. सासूबाई खूश. काल न बसताही, नुसत्या आठवणीने, अर्धं वा. आलं. मग वाटलं, ही मिरगी तर नसेल? आज सासूबाईंना सांगून लेडी डॉक्टरकडे गेले, जिने मंजूचं बाळंतपण केलं तीच. साठीची आहे, फटकळ. सगळं ऐकलं आणि नर्सला बाहेर जायला सांगितलं. मी मनात म्हटलं, वाट लागली, नक्की काहीतरी मोठं आहे.

"शुद्ध जाते?" नाही. "जीभ चावतेस?" नाही. "नंतर कसं वाटतं?" मी खाली बघत बसले. "अगं बोल ना. बरं वाटतं?" हो म्हटलं.

ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, "तुला काही झालेलं नाही. अकरा वर्षांनी पहिल्यांदा जे व्हायला हवं ते झालंय." कागदावर शब्द लिहून दिला, ऑर्गॅझम. मराठीत काय म्हणतात विचारलं तर म्हणाली, "आपल्याकडे बोलायचीच पद्धत नाही, शब्द कुठून येणार?"

मग चित्र काढून दाखवलं. बाईची खरी जाणीव आत कमी, वर पुढच्या बाजूला, वाटाण्याएवढ्या जागेत जास्त. म्हणून पुष्कळ बायकांना नवऱ्याबरोबर नुसतं तेवढ्याने होत नाही, त्यात ना तिचा दोष ना त्याचा, ठाऊक नसतं इतकंच. पाय चालवताना मांड्यांचा दाब तिथे येतो. कुणाला हाताने होतं, कुणाला दाबाने, कुणाला झोपेत. कुणाला एकदाच, कुणाला लागोपाठ. कुणी रडतं, कुणी हसतं. "दोन बायकांचं सारखं नसतं आणि एकीचं दोन दिवस सारखं नसतं. कित्येकींना जन्मात होत नाही, आणि काही राहून गेलं हेही त्यांना कळत नाही."

बाहेर पडले आणि पाच रस्त्याच्या नाक्यावर उभी राहून रडले. कशासाठी ते नक्की सांगता येणार नाही. कुसुमताईंसाठी बहुतेक. त्यांना हे कुणी सांगितलं असेल का?

शुक्र. १४ फेब्रु.

घाटकोपरहून परत येते तर पाटकरबाई दारातच. "आज पण! दोन ते तीन. मी घड्याळ लावून बसले होते."

वा. काय ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पण मी नसताना मशीन कोण चालवतं, हे कोणत्या डॉक्टरला विचारू?

रवि. १६ फेब्रु.

सकाळी मच्छी आणायला हे आणि मी. वाटेत सांगून टाकलं सगळं, डॉक्टरीणबाईंच्या शब्दांत. मला वाटलं होतं, हसतील नाहीतर रागावतील. हे बोंबलांचा वाटा बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे अकरा वर्षं मी..." पिशवी स्वतःच घेतली आणि चार पावलं पुढे चालत राहिले घरापर्यंत.

मशीनला तेल घातलं नाही आज.

रवि. २३ फेब्रु.

आजही तेल नाही. मशीन कुरकुरायला लागली आहे.

सासूबाईंनी जेवताना विषय काढला. दहा मार्चला सोमवारी अमावास्या येते, त्याच्या आत ती मशीन घराबाहेर जायला पाहिजे. गावी देवाला गाऱ्हाणं घालायचं पण ठरवलंय त्यांनी. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "देऊन टाकू."

मला पानावरून उठावंसं वाटलं. मंजू बघत होती म्हणून बसून राहिले. एक गोष्ट, आयुष्यात एकच, नुसती माझी. ती एकीला भूत म्हणून नको आणि एकाला अपमान म्हणून नको. मला हवी आहे. मला हवी आहे, हे डायरीत दोनदा लिहायला तरी काय जातं. मोठ्याने बोलायची छाती नाही.

शुक्र. २८ फेब्रु.

कारखान्यात वीज नव्हती, माल ठेवून दीडलाच निघाले. अडीचला जिन्यात पाय टाकला आणि मशीनचा आवाज आला. वरून, आमच्याच घरातून. एकसारखा, न थांबता. परकराची शिवणही एवढी लांब नसते.

तशीच वर गेले. दाराला आतून कडी. गॅलरीतल्या खिडकीची एक झडप मोडकी आहे, तिथून डोळा लावला.

सासूबाई. ताठ बसलेल्या, नऊवारीचा ओचा नीट खोचलेला, दोन्ही हात फळीवर, डोळे मिटलेले. समोर कापड नाही. सुईत दोरा नाही. आणि तोंड असं, जशा कुणाचं तरी ऐकताहेत.

मी दार वाजवलं नाही. जिन्यात जाऊन बसले. मशीन हळू झाली, थांबली, त्याच्यानंतरही बराच वेळ बसले. मग मोठ्याने खोकत वर गेले.

त्या तांदूळ धूत होत्या. कान लाल. "लवकर इलंस?"

"वीज गेली आई."

रवि. २ मार्च

दोघी सुकट निवडत होतो. हे मंजूला घेऊन बाहेर. सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "तुज्या डाक्टरणीन काय सांगितल्यान?"

सांगितलं. वाटाण्यापासून सगळं. लाज वाटली, पण सुकटीकडे बघत सांगता येतं.

"म्हणजे वारा नाय?"

"नाही आई."

सुकटीतला कचरा त्यांनी बाजूला केला, परत केला, परत केला. "तुजो सासरो जावन सतरा वर्सा झाली. तो होतो तेवा पन असा कदी नाय झाला. माका वाटला, ह्या वयात माका देव धरता." मग एकदम, "माजी जाव देवळात घुमायची. लोक पायार पडत. तिचा पन ह्याच आसात काय गो?"

मला काय माहीत? देवीचं असेल, हेही असेल.

संध्याकाळी चहाला मुलाला म्हणाल्या, "मशीन खंय जावची नाय."

"अगं, तूच म्हणालीस ना!"

"मीच म्हटलंय. आता मीच सांगतंय."

रवि. ९ मार्च

ह्यांनी तेलाचा डबा काढला. तीन रविवारांनी. मशीन कलती केली आणि थबकले. पेन्सिलच्या रेघांशेजारी काळसर बोटाचे पट्टे, पाच. मशेरीचे. घरात मशेरी एकच माणूस लावतं.

"हे काय लागलंय?" फडकं घेतलं त्यांनी.

"पुसू नको!" सासूबाई स्वयंपाकघरातून, न बघता.

हे माझ्याकडे बघत राहिले. हळूहळू त्यांना कळलं, ते मला दिसलं. फडकं खाली ठेवलं. चाकाला, सुईच्या दांडीला, पायट्याला, सगळीकडे तेल दिलं. मग डब्याच्या टोपणाशी खेळत, अगदी हळू, "त्या तुझ्या डॉक्टरणीकडे पुरुष चालतात का गं? विचारायला?"

विचारते म्हटलं.

शुक्र. १४ मार्च

चेंबूरला साखरपुडा होता, सासूबाई नि मी दोघी गेलो. सकाळी घराला कुलूप मीच लावलं, किल्ली दिवसभर माझ्या कमरेला. मंजू शाळेत, हे कामावर. पाचला परत आलो.

पाटकरबाई जिन्यात. "काय गं सुषमा, आज तर कहर केलास. दोन वाजता सुरू केलीस ती साडेतीनपर्यंत!"

मी सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. दोघींच्या अंगावर साखरपुड्याची लुगडी, माझ्या डोक्यात गजरा, हातात अजून पेढ्याचा पुडा.

"हो, जरा जास्तच काम होतं," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

वरच्या पायरीवर सासूबाई थांबल्या. गुडघे धरून, दम खात. मग शेजारणीबद्दल बोलावं तशा म्हणाल्या, "कुसूम आसतली. करूंदे तिका. जित्ती आसताना बिचारीन दार लावन केल्यान."

कुलूप काढलं. मशीनवर सकाळी टाकलेली चादर तशीच, घडी मोडलेली नाही. चाकाला हात लावला. गार होतं की कोमट, मला शपथेवर सांगता येणार नाही.

सासूबाईंनी चहा टाकला. बघते तर तीन कप मांडलेले. म्हटलं, आई, ह्यांना यायला अजून तास आहे.

"ठावक आसा माका."

तिसरा कप त्यांनी मशीनच्या फळीवर नेऊन ठेवला, बशी खाली घालून. फळीच्या खाली नवी रेघ आहे का, ते मी अजून बघितलेलं नाही.