वेळेअभावी न वाचलेली चिठ्ठी

मी, गुणवंती जानू भाटकर, वय शहात्तर, अविवाहित, निवृत्त ग्रंथपाल, राहणार राजिवडा, रत्नागिरी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहिते. डॉक्टरांच्या दाखल्याप्रमाणे मी पूर्ण शुद्धीवर आहे. शेजाऱ्यांच्या मते जरा जास्तच. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी फार गोड लिहिले होते.

१. राहते घर व परसातले दोन माड भाचा मितेश यास. "मावशी, काय ठेवलंय या घरात?" असे तो दर मे महिन्यात आंबे चोखत विचारतो. आता स्वतःच शोधावे.

२. ‘मुस्लिम समाज : इतिहास आणि वर्तमान’ या व्याख्यानमालेची मी अठरा वर्षे सचिव होते. अध्यक्ष श्री. गुरुप्रसाद शेट्ये यांना माझे गजराचे घड्याळ. ते वक्त्याची ओळख पस्तीस मिनिटे करून देत. वक्ता उभा राही, तेव्हा निम्मे श्रोते चपला शोधत असत.

३. माझ्या चपला व्याख्यानमालेच्या समितीस, विद्वानांच्या वापरासाठी. सभागृहापासून आमचा मुसलमान मच्छीमारांचा राजिवडा पायी दहा मिनिटे. अठरा वर्षांत एकही विद्वान इकडे फिरकला नाही. गणपतीपुळ्याला मात्र सगळे जाऊन आले. कोकणी मुसलमान समुद्राकडे कसा पाहतो, हे एकाने दीड तास सांगितले. तिसऱ्या रांगेत माझी शेजारीण रुकय्या सोलकर बसली होती. तिचा बाप, नवरा आणि दोन्ही मुलगे होडीवरचे. बाहेर पडताना म्हणाली, "काय गो गुणे, मी दर्याकडं कशी बघतंय, ता ह्यास कोनी सांगितलान?"

४. आमच्याकडे प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि सचिवाने निवडून वाचायचे, अशी रीत. नावडत्या चिठ्ठ्या मी "वेळेअभावी" बिस्किटाच्या डब्यात टाकत असे. तो डबा रुकय्याला. बहुतेक चिठ्ठ्या तिच्याच आहेत.

५. सहा वर्षांपूर्वी पुण्याहून व्याख्यानाला आलेले एक पीएच.डी.वाले डॉक्टर म्हणाले, की मागच्या पिढीतल्या इथल्या मुसलमान बायकांना अक्षरओळखच नव्हती. रुकय्याची चिठ्ठी आली : ‘मग सचिवबाईंना मुळाक्षरं कोणी शिकवली, ते त्यांनाच विचारा.’

ती मी पर्समध्ये टाकली आणि वेळ संपल्याचे जाहीर केले. वीस मिनिटे शिल्लक होती. चहाला उकळीसुद्धा आली नव्हती.

कारण असे, की माझ्या प्रत्येक सत्कारात मी ‘वडिलांनी शिकवले’ असे सांगत आले होते. वडील अंगठा उठवत. मला हुरमतखालांनी, रुकय्याच्या आईने, त्यांच्या पडवीत पाटीवर हात धरून शिकवले. विद्वानाला अडाणी म्हणणे सोपे होते, त्याला ठाऊकच नव्हते. मला तर उत्तर ठाऊक होते. याची मला फार लाज वाटते.

त्यानंतर रुकय्या व्याख्यानाला आली नाही. ईदला शिरखुर्मा मात्र न चुकता पाठवते, आणि मी तो निर्लज्जपणे दोन वाट्या खाते.

६. माझी सर्व पुस्तके व्याख्यानमालेस, एका अटीवर. माझ्यामागच्या पहिल्याच सत्रात अध्यक्षांनी ती चिठ्ठी मोठ्याने वाचावी आणि खाली बसावे. मग रुकय्याने हवे तितके बोलावे. ओळख करून देऊ नये. तिला स्वतःची ओळख आहे. अट पाळली नाही, तर पुस्तके मितेशला. तो ती रद्दीत घालील, हे मला माहीत आहे.

७. वकील नेत्रा म्हणाली, "बाई, भिंतीला भिंत लागून राहता. मरायची वाट कशाला बघताय?" पोरीचे खरे आहे. रुकय्याचा शिरखुर्म्याचा डबा अजून माझ्याकडे आहे, आणि कोणाचा डबा रिकामा परत करू नये. उद्या त्यात ती चिठ्ठी घालून, मागे उत्तर लिहून, मी स्वतः देऊन येणार आहे.

तेव्हा कलम ६ साठी चिठ्ठी रुकय्याकडे मागावी लागेल. ती देईलच असे नाही. अध्यक्षांनी मागायला स्वतः, पायी जावे. चपला कलम ३ मध्ये आहेत.

स्थळ : रत्नागिरी
दिनांक : १२ एप्रिल २०२५

सही : गुणवंती जानू भाटकर
(हुरमतखालांनी गिरवून घेतलेल्या अक्षरात)

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली :
१. संध्या दीपेश पावसकर
२. संदेश बाबल्या मयेकर