फ्रिजवरचा कागद गल्लीभर फिरला

ती. मिसाओताईंना,

ओसाकाहून तोकुजीचा कमरेतून वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तेवढाच, ही तक्रार नव्हे, माहिती आहे). हिमेजीला तुमच्या अंगणातला प्लम फुलला असेल. गुडघे कसे आहेत? आणि आमची ही कशी आहे? जेवते ना नीट?

नोबुए थोरल्या बहिणीकडे, म्हणजे तुमच्याकडे, का निघून आली, हे तिनं सांगितलं असेलच. पण माझीही बाजू ऐका. रिटायर झाल्यापासून मी दिवसभर कुरकुरतो, असं तिचं म्हणणं. म्हणून तिनं फ्रिजवर कागद लावला. त्यावर तीन रकाने. कचरा वेगळा करायला सांगितला की मी म्हणतो 'मेन्दोकुसाई', कोण करणार ही कटकट. जिना चढलो की 'शिन्दोई', जीव गेला. आणि बातम्या लागल्या की 'मो इया', आता पुरे. दर वेळी एक रेघ, पाच रेघा जुळल्या की त्यांचं आपलं ते मोजणीचं एक अक्षर पुरं. आठवड्यात पेन्सिल निम्मी झाली. ("एवढं बोलतो मी?" असं विचारलं, तर त्याचीही रेघ मारली. हा सरळसरळ अन्याय आहे.)

मग गल्लीत घरोघर फिरणारी सूचनांची फाइल पुढे द्यायची आमची पाळी आली. गटारसफाईचं पत्रकही फ्रिजवरच होतं. ते काढून फाइलला लावायचं, एवढंच काम. पण चष्मा कोण शोधणार, म्हणून मी हाताला लागला तो कागद लावला आणि शेजारी देऊन आलो. वर नोबुएच्या सुबक अक्षरात 'तोकुजी, फेब्रुवारी'. आता दुसरं कुणी असतं, तर हसत हसत परत आणून दिला असता की नाही? आपली माणसं कसली आणून देतात! अकरा घरांनी कागद अदबीनं वाचला, 'पाहिले' म्हणून आपापला शिक्का मारला आणि पुढे दिला. कोपऱ्यावरच्या ओकुमुराबाईंनी तर 'शिन्दोई'खाली स्वतःच्या नवऱ्याच्या दोन रेघा वाढवल्या. फाइल घरी आली, तेव्हा नोबुए शिक्के बघून मटकन खाली बसली. "चाळीस वर्षं मान वर करून राहिले या गल्लीत. आता भाजी आणायला कुठल्या तोंडानं जाऊ?" म्हणाली, आणि बॅग भरायला लागली.

ताई, नऊ दिवस झाले. घर खायला उठतं. भात एक तर कच्चा राहतो, नाही तर त्याची खीर होते. काल जिन्यात "शिन्दोई" म्हटलं आणि वर येऊन थांबलो. कुणी रेघ मारली नाही. ऐकायलाच कुणी नसेल, तर कुरकुरायचं तरी कुणाजवळ? लाज वाटते सांगायला, पण रडू आलं. तरी तिला परत पाठवा, असं मी मुळीच म्हणणार नाही. राहू दे हवं तितकं. मी मजेत आहे.

तुमचा,
तोकुजी

ता. क. मजेत नाही.

ता. क. दुसरा : तो कागद फाडायला घेतला, तर मागच्या बाजूलाही रेघा. वर 'नोबुए', आणि रकाना एकच : 'म्हणावंसं वाटलं, म्हटलं नाही'. माझ्या तिन्ही रकान्यांच्या दुप्पट आहेत, ताई. (त्या बाजूला एकाही घराचा शिक्का नाही. कागद उलटून कुणी पाहिलाच नाही, मीसुद्धा.) तिला पाठवा. म्हणावं, सगळ्या मोठ्यानं म्हणून दाखव. मी चष्मा लावून बसलोय.