हंगामीचं कायम कुणी केलं

बुधवार, संध्याकाळ

ऑफिसच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये पाड्यांच्या सर्व्हेच्या फोल्डरचं वर्णन मीच लिहिलं होतं: ‘हंगामी स्थलांतर’. आज बघते तर ‘कायम स्थलांतर’. या एका शब्दावर ऊसतोडीला गेलेल्यांची नावं रेशनच्या यादीतून उडतील.

नोंदीत बदल रविवार दुपारचा, माझ्याच नावाने. मी तर रनाळ्याला बहिणीकडे होते. मग? पासवर्ड एकदा शेजारच्या टेबलावरच्या सुनीलभाऊंना दिला होता. त्यांना एवढंच विचारलं, हा शब्द कुणी बदलला?

“माले काय मालूम, ताई? रविवारले मी तं सारंगखेडाले गयथू, जत्रामा घोडा देखाले.”

रविवार मी उच्चारलाच नव्हता.

शब्द परत हंगामी केला. बदलणाऱ्याचं नाव तेव्हाही माझं, आताही माझंच.