सील न तोडता

जळगाव,
शुक्रवार, ८ ऑगस्ट १९९७

अभिमनदादा,

तुला आणि वहिनीला सप्रेम जयभीम. आईलाही सांग, आणि गुडघे दुखत असताना ती अंगण सारवायला बसली असेल तर माझ्या नावाने रागव. इथे केसरआत्या मला शेवभाजी खाऊ घालून गोल करणार आहे. तब्येत उत्तम.

हे पत्र लोटनमामांच्या हाती देतेय. ते आजच सावद्याला येताहेत. फोनच करणार होते, पण आपल्याकडचा बूथ केळीवाल्या शेठच्या गाळ्याला लागून. तिथे तू नुसता खाकरलास तरी चार माना वळतात. पत्र एकट्याने वाच.

तू विचारलं होतंस, ट्रेनिंगमध्ये काय शिकवतात. खरं सांगू? चोरी! धुळ्याच्या पॉलिटेक्निकमधल्या माझ्या मैत्रिणी कुठे कुठे बसून फायली पुसताहेत. आमचे शकील सर मात्र पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, ट्रेनिंग संपेपर्यंत तुम्ही चोर. वजनमाप खात्याचं शिशाचं सील न तोडता आमच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात शिरून दाखवा. तुम्ही ज्या वाटेने शिराल, ती पुढच्या काट्यात आम्ही बुजवू."

आणि मी शिरले. खालचं बॅटरीचं झाकण काढलं की आत एक पातळ पत्रा आहे. तो जरा वाकवला की चिमटा थेट आतल्या तारांपर्यंत जातो. वजनाची खबर नेणाऱ्या तारेला एक जादा तार आणि झाकणाच्या फटीतून दाबता येईल असं एक बारीक बटण जोडायचं. बटण दाबलं की आकडा कमी, सोडलं की पुन्हा बरोबर. सील जसंच्या तसं. सरांनी सगळ्यांना कचोऱ्या खिलवल्या आणि म्हणाले, डिप्लोमा झाला की इथेच या. हे आईला सांग म्हणणार होते. पण अजून सांगू नकोस.

दुरुस्तीच्या दुकानावरचा गळका पत्रा बदललास का? उगाच विचारतेय. हात पुढे सरकत नाहीये.

दादा, शेठचा काटा आमच्याकडे आलाय. वजन कमी भरतं म्हणून शेतकऱ्यांनी वजनमाप खात्यात तक्रार केली, खात्याने तो तपासणीला कंपनीत पाठवला. बुधवारी शेठचा माणूस घेऊन आला आणि सोबत सुकदेवकाका. सील शाबूत आहे अशी सही करायला तोलणारा लागतो म्हणून आणलं होतं त्यांना. कामावरून काढलेला माणूस सहीपुरता चालतो वाटतं.

त्यांच्यावर काय आळ आहे ते तुला माहीतच आहे. काट्यावर केळीची पानं अंथरायची, आकडा शून्य करायचा, मग घड ठेवायचे, ही आपल्याकडची पद्धत. शेठने गावभर केलं की सुकदेव जास्तीची पानं घालून शून्य करतो, मग हळूच पानं ओढून घेऊन वजन मारतो आणि वरचा माल परस्पर विकतो. सील शाबूत, म्हणजे मशीन खरं. मशीन खरं, म्हणजे माणूस खोटा. सगळ्यांना पटलं. मलाही पटत आलं होतं.

काकांनी मला ओळखलं. म्हणाले, "बेटा, तू अभिमनची बहीन नं? तुह्या हाती आलं म्हन्जे मले आता घोर नाही." माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. काकांचा सदरा किती ढगळ झालाय रे. नर्मदाकाकू आता शेजारणीकडेही जात नाहीत म्हणाले.

काल जेवणाच्या सुट्टीत मी त्या काट्याचं झाकण काढलं. पत्रा वाकवलेलाच होता. टॉर्च लावला. आत जादा तार होती, तोलणाऱ्याच्या उलट बाजूला बटण होतं, आणि तार जागेवर धरायला केळीच्या वाळक्या सालीचा धागा. दोन वेढे आणि एक उलटी गाठ.

सावद्यात केळीच्या सालीने सगळेच बांधतात, हे मी स्वतःला दहा वेळा सांगितलं. पण ती उलटी गाठ, दादा! "कुंदे, पह्यले गाठ मार, मंग सोल्डर लाव. हिसका बसला तं गाठीले बसू दे." आठवीत होते मी. बोटं भाजायची तेव्हा तू फुंकर घालायचास. इथेही मी तशीच बांधते. शकील सर हसले होते, "ही कुठली युनिव्हर्सिटी?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, माझ्या भावाची.

चिमटा हातात होता. खोलीत कुणी नव्हतं. एक हिसका दिला असता तर तार, गाठ, सगळं बाहेर आलं असतं. मी धागा चिमट्यात पकडलाही होता. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. मग सोडला.

तुला मी ओळखते. तू हौसेने केलं नसशील. दुकानाची जागा शेठची, त्याने मान हलवली की आपण रस्त्यावर. पण सुकदेवकाकांना चोर म्हणून हाकललं, तेव्हा तू तिथेच होतास ना? आई सांगत होती, तू त्या दिवशी जेवला नाहीस. तिला वाटलं तुला ताप आहे. मला तुझा भयंकर राग आलाय दादा, आणि लिहिताना रडूही येतंय. दोन्ही खरं आहे.

सोमवारी सकाळी निरीक्षक येऊन सील तोडणार. गाठ दिसली की सर आधी माझ्याकडे बघतील. माझं इथलं ट्रेनिंग, सर्टिफिकेट, काय राहील कोण जाणे. सर विचारायच्या आतच मी सांगणार आहे, ही माझ्या भावाची गाठ. तुला सांगितल्याशिवाय सांगायला जीव धजत नाही, म्हणून हे पत्र. तुला पळायला वेळ मिळावा म्हणून लिहिलेलं नाही, एवढं समजून घे.

तू आपणहून आलास आणि शेठने काय करायला लावलं ते बोललास, तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. नोकरी गेली तरी, लोक काहीही म्हणाले तरी. आईला मी सांभाळते.

उद्या पहिल्या गाडीने ये. आणि एकटा येऊ नकोस. आधी सुकदेवकाकांच्या दारात जा, त्यांना सगळं सांग, आणि त्यांना सोबत घेऊन ये.

स्टँडवर उभी असेन,
तुझी
कुंदी