दुरडीतल्या तीन भाकऱ्या

कळस, ता. इंदापूर
२४ मार्च २०२५

माझा फोटू छापायच्या आधी मला इचारलंस का रं? बारामतीच्या तुझ्या चर्चच्या मंडळीनं पत्रक वाटलं, त्यात मी पदर घेऊन बसलेली आन खाली लिहिलंय, ‘अकरा वर्षं दर शुक्रवारी उपास करणारी विश्वासू आजी’. पाळक झालास म्हणून आजीची जाहिरात करायची व्हय?

बरं. अविराज, प्रभूत सलाम. हितं ठीक हाय. शेळीला दोन करडं झाली, एक मेलं. माझे गुडघे हायेत तसेच.

उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, तू उपासावर बोलणार आन माझं उदाहरण देणार, असं कळलं. देऊ नको. का, ते लिहिते. तोंडानं सांगायला जीभ वळत न्हाय.

अकरा वर्षांमागं, उत्तम शुक्रवारीच, तुझी अनिताआत्या भवानीनगरहून दारात आली. नवऱ्यानं मारून डावा कान फोडलेला. कडेवर छकुली, दोन वर्षांची. म्हणली, “आये, लेकराला भाकरी दे. मी आता तिकडं जायची न्हाय.”

घरात मंडळीच्या बाया प्रार्थनेला बसलेल्या. नांदती लेक परत आली, हे त्यांच्यासमोर कसं कबूल करू? मी म्हणले, “आज उपास हाय. तीन वाजंपतूर चूल पेटत न्हाय.”

दुरडीत फडक्याखाली तीन भाकऱ्या होत्या, सांजच्याला उपास सोडायला. माझी नजर तिकडं गेली. तिनं ती नजर बघितली. लेकराला पाणी पाजलं आन गेली, नवऱ्याच्या त्याच घरात.

त्या बायांतली रंगूबाई म्हणली, “साखरबाईचा विश्वास बघा, पोटच्या पोरीसाठी बी उपास मोडला न्हाय.” मी मान डोलवली.

सांजच्याला खाल्ल्या. तिन्ही.

तवापासनं शुक्रवारी उपाशी राहते. त्यात भक्ती कसली? पोट जाळलं की फिटलं, असं वाटायचं. त्यानं कुणाचं पोट भरलं? उपास म्हंजे आपल्या तोंडची भाकरी भुकेल्याला देणं. माझी तर माझ्याच तोंडात गेली. अनितानं छकुलीला सांगितलंय म्हणं, तुझी आजी मेली.

तू चोरून तिच्याकडं जातोस, मला ठाऊक हाय. हे पत्र अनिताच्या हातात दे. वाचून दाखवू नको. मला चार अक्षरं तिनंच शिकवली. उत्तम शुक्रवारी भर बारा वाजता मी चूल पेटवणार हाय, बाया बसलेल्या असल्या तरी. मायलेकी आल्या तर जेवतील. न्हाय आल्या तर भाकरी तशीच पडंल, मी शिवणार न्हाय.

उत्तर तू लिहायचं न्हाय. तुझ्या बापानं न्हाय, जावयानं तर न्हायच. अनितानं लिहायचं. शिवी लिहिली तरी चालंल, अक्षर तिचं पायजे.

साखरबाई