स्वयंपाकघरातली बुजवलेली खिडकी

बाबा,

पत्राच्या वर 'तीर्थरूप' लिहायचं मला जमलं नाही. आज नदीवर तुमचा दहावा झाला. तिथे तुमच्या लेकाने, वसंताने, तुम्हाला एक वचन दिलं, म्हणून लिहिते आहे.

पिंड ठेवला. कावळे लिंबावर बसून राहिले. आप्पाकाका वसंताला म्हणाले, "त्याची विच्छा राह्यली असन. बोल नं बे काही." वसंताने हात जोडले. "बाबा, खिडकीले कोनी हात लावनार नाही." आणि कावळा खाली उतरला.

कोणती खिडकी, हे तिथे फक्त आपल्या घरच्यांना कळलं.

माझं लग्न व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. मला पाहायला खामगावचे पाहुणे येणार होते. आई क्षयाने खंगलेली. तुम्ही तिची बाज स्वयंपाकघरात नेली आणि गल्लीकडची खिडकी विटा-मातीने बुजवलीत. चूल तिथेच होती. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा धूर आणि आईचा श्वास एकाच खोलीत कोंडले. ती बाहेर थुंकली तर लोक पाहतील, म्हणून उशाशी राखेचं गाडगं. पाहुणे ओसरीवर आले तेव्हा तुम्ही आत येऊन तिला म्हणालात, "खोकू नको वं. पोरीचं लगन मोडन." तिने पदराचा बोळा तोंडात धरला. मी पोह्यांच्या बशा भरत होते.

लग्न ठरलं. आई त्याच खोलीत गेली.

खिडकी असती तर ती वाचली असती असं मी म्हणणार नाही. तेव्हा औषध नव्हतं. लग्नानंतर यांनी मला कॉलेजात घातलं, तिथे एवढं तरी शिकले की सिद्ध होत नाही ते बोलू नये. पण नंतर ती का उघडली नाहीत? मी विचारलं तेव्हा म्हणालात, "आता फोडली तं लोक इचारतीन, काऊन बुजवली होती." एवढंच कारण! तुम्ही स्वतः उन्हाळा-हिवाळा ओसरीवर मोकळ्या हवेत निजलात आणि ऐंशी ओलांडून गेलात.

त्या अंधारात शांता सून म्हणून आली. इतकी वर्षं तिने तिथेच चूल फुंकली, जमीन सारवली, तान्ह्या मंदीला तिथेच निजवलं. गेल्या महिन्यात तिच्या छातीच्या फोटोत डाग निघाला. डॉक्टरांनी सुया दिल्या, गोळ्या दिल्या, आणि वसंताला बजावलं की कोंदट, धुराच्या खोलीत हिला ठेवू नका, घरातल्या सगळ्यांना तपासून घ्या. तुम्ही बाजेवरून मान उचलून म्हणालात, "खिडकीले हात लावू नका. मंदीचं पाहाचं हाय यंदा."

तुमचं शेवटचं नीट बोलणं तेच. नातीबद्दल ही माया होती का? असेलही. मला ती माया नको आहे.

नदीवरून आल्यावर मी वसंताला म्हटलं, "वचन मागे घे." तो म्हणाला, "बाई, कावळा शिवला. तू आपल्या डोयानं पाह्यलं." मी म्हटलं, "त्याला भूक लागली होती." तो रागाने उठून गेला. आतून शांता खोकली आणि तिने घाईने तोंडावर पदर धरला. अगदी आईसारखा. तिला हे कोणी शिकवलं, बाबा?

मंदी भांडी घासत होती. तशीच म्हणाली, "आत्या, माह्या मायले दाबून ठुतीन असं लगन मले नाही पाह्यजे. सब्बल गोठ्यात हाय."

बाबा, वचन वसंताने दिलं आहे, मी नाही. माझं हे: उद्या उजाडलं की गोठ्यातली ती पहार आणून पहिली वीट मी काढीन. पाहुणे ऐकतील आणि उठून जातील, तर जाऊ देत. तुम्हाला पुन्हा कावळा होऊन यायचंच असेल, तर त्या खिडकीत येऊन बसा. तिथून शांताचा खोकला नीट ऐकू येईल.

जिच्या लग्नासाठी ती बुजवलीत, ती तुमची मुलगी,
सुशीला