नीरजाचे राहिलेले मत

लोणावळा

आदरणीय दादा यांस,

चिंतामणीचा नमस्कार. पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहिलेले नाही. सुतक फिटले आहे, त्यामुळे लिहायला हरकत नव्हती; हात गेला नाही इतकेच. आपल्या खुब्याचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे आणि वॉकर धरून खिडकीपर्यंत जाता येत असल्याचे वहिनींनी फोनवर सांगितले. बरे वाटले. जिना इतक्यात चढू नये. (नीरजा असती तर हे वाक्य तिने मला दोनदा लिहायला लावले असते.) मी आणि अनुष्का ठीक आहोत. जेवतो. पाऊस थांबत नाही, कपडे वाळत नाहीत. शेजारच्या घरांतून इतके पिठले आले की कोणाचे पातेले कोणाचे हे आता आम्हाला सांगता येत नाही, आणि तीच चौकशी करण्यात दिवस बरा जातो.

पत्राचे कारण असे की दहाव्याला घाटावर जे झाले ते आपल्याला फोनवर कळवल्याचे आमच्या बाजीराव मामांनी मला सांगितले. आपल्याशी ते काय बोलले हे मला ठाऊक नाही, पण तळेगावात ते काय बोलले हे कानावर आले आहे. त्यानुसार दारू पिऊन आलेल्या टोळीने पिंडाच्या कावळ्याला दगड मारले आणि मामांना उचलून पायऱ्यांवर आपटले. दादा, असे झालेले नाही. कोणी प्यालेले नव्हते, दगड मारला नाही, आणि मामा आपले आपण पडले. आपली बहीण गेली आणि आपल्याला येता आले नाही. निदान तिच्या दहाव्याची खरी हकीगत आपल्याकडे असावी, म्हणून लिहीत आहे.

तिला टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीचा नाद होता हे आपल्याला माहीत असेलच. (कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते, बघणाऱ्यांनाही ते माहीत असते, तरी ते ओरडतात, ती कुस्ती.) शाळेत गणित शिकवणारी, पोरे जिला बघून शर्टाची बटणे लावत, अशी बाई दर रविवारी संध्याकाळी पुढच्या खोलीत चार लोक जमवून मुखवटे घातलेल्या माणसांची मारामारी बघे. मी आतल्या खोलीत पेपर वाचत असे. आमच्यात त्यावरून कधी वाद झाला नाही. तिने कधी बोलावले नाही आणि मी कधी गेलो नाही. येणाऱ्या माणसांना मी दारातल्या चपलांवरून ओळखत असे. टायरच्या तळव्याच्या चपला म्हणजे कामशेत-पवनानगर जीप चालवणारा नथू. गुलाबी गमबूट म्हणजे भुशी धरणाखाली कणसे भाजून विकणारी कोमल. पॉलिश केलेले काळे बूट म्हणजे रेल्वेच्या सिग्नल खात्यातला धम्मदीप, ज्याच्याकडे या कुस्त्यांच्या जुन्या सीड्या कपाटभर आहेत. चेहरे मी पहिल्यांदा नीट पाहिले ते स्मशानात.

आता त्यांच्यातला वाद काय होता ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. त्या अमेरिकन कंपनीने जाहीर केले की जुन्या कुस्तीगिरांवर माहितीपट काढायचा विचार आहे. दोन विषय पुढे ठेवले आणि आधी कोणता काढावा ते चाहत्यांनी कळवावे असे इंटरनेटवर टाकले. पहिला विषय ग्रॅनाइट जॉर्ज. हा डोंगराएवढा मुखवटेवाला माणूस वर्षानुवर्षे चॅम्पियन होता आणि त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाही. दुसरा विषय असा की, या कुस्तीत काही माणसे फक्त हरण्यासाठी पगारावर ठेवलेली असतात. त्यांच्यात एक बेन म्हणून होता, आठवडाभर टपाल वाटायचा आणि शनिवारी जाऊन पडायचा. अशा पडणाऱ्यांवर माहितीपट.

यावर आमच्या पुढच्या खोलीत महिनाभर जे बोलले गेले ते पेपरामागून माझ्या कानावर पडत होते. नथू जॉर्जच्या बाजूचा. जॉर्जचा माहितीपट आधी तीन भागांत येणार होता तो आता एकाच भागात उरकणार, या बातमीने त्याचे जेवण गेले होते. कोमलचे म्हणणे, जॉर्जचा आज नाही तर उद्या निघेलच, पण पडणाऱ्यांचा आत्ता निघाला नाही तर ती माणसे मरून जातील आणि मग बोलायला कोण उरणार. "जित्यापणी बोलवा की त्यांना. मेल्यावर फोटू दाखवून काय करताय?" धम्मदीपचे मत दर रविवारी बदले. त्याला सोडले तर दोन्ही बाजू सारख्या झाल्या आणि नीरजाचे मत तेवढे राहिले. तिला विचारले तर ती म्हणाली, "पुढच्या रविवारी सांगते." निकाल तिच्या हातात असला की ती तो लगेच सांगत नसे, हे तिच्या वर्गातल्या कोणत्याही मुलाला माहीत आहे.

शुक्रवारी दुसऱ्या तासाला फळ्यावर लिहिता लिहिता ती खाली बसली. मुलींना वाटले खडू पडला असेल. बाकी आपल्याला ठाऊक आहे.

नवव्या दिवशी या मंडळींनी चौकात फ्लेक्स लावला. तो लावताना मला विचारले नाही हे खरे, पण विचारले असते तर मला नाही म्हणता आले नसते. फ्लेक्सवर नीरजाचा शाळेच्या स्नेहसंमेलनातला फोटो, तिच्या खांद्यावर कॉम्प्युटरने चढवलेला सोन्याचा चॅम्पियनपट्टा, बाजूला मुखवट्यातला जॉर्ज, आणि दुसऱ्या गटाच्या हट्टापायी कोपऱ्यात पालथा पडलेला बेन. खाली 'शोकाकुल : मावळ रेसलिंग परिवार'. दहाव्याला पुण्याहून आलेल्या नातेवाइकांनी तो वाटेत पाहिला. माझ्या थोरल्या वहिनींनी गाडीतून उतरताच मला बाजूला घेऊन विचारले की अपघात होता का, आणि ते दोघे कोण होते. मी सांगितले की ते दोघे अमेरिकेत असतात. माझ्याविषयी त्यांचे काय मत झाले कळले नाही.

घाटावर इंद्रायणी फुगलेली, पायऱ्या निसरड्या, सगळे छत्र्या धरून. पिंड ठेवले आणि आम्ही बाजूला झालो. कावळा एकच, तोही घाटाच्या पत्र्याच्या शेडवर अंग चोरून बसलेला. शेजारी कार्ल्याकडच्या एका म्हाताऱ्यांचे दहावे चालू होते. त्यांच्या पिंडाला हा कावळा खाली येऊन लगेच शिवला आणि परत शेडवर गेला. ती मंडळी आमच्याकडे बघत सावकाश भांडी आवरू लागली. दहावीच्या निकालाच्या दिवशी शेजारी बघतात तशी.

मग आपल्यात करतात तसे सुरू झाले. काहीतरी मनात राहिले आहे, बोला. मामा पुढे होऊन मोठ्याने म्हणाले, "नीरजा, अनुष्काचं लग्न आम्ही थाटात करू!" (अनुष्काने त्यांच्याकडे जसे पाहिले त्यावरून मला वाटते कावळ्यालाही ते आवडले नसावे.) थोरल्या वहिनींनी सांगितले की पाटल्या अनुष्कालाच मिळतील. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी सांगितले की अर्धवट राहिलेला धडा पुरा केला जाईल. कावळा चोचीने पंख साफ करत राहिला.

एवढ्यात नथूची जीप तिघांना घेऊन आली. रविवार असल्याने भुशीच्या पर्यटकांच्या गाड्यांत ती अडकली होती. कोमलने ऐन रविवारी कणसांची गाडी बंद ठेवली होती, ज्या दिवशी तिचा खरा धंदा असतो. कावळा शिवत नाही हे ऐकल्यावर तिघे एकमेकांकडे बघत राहिले. नथूने चपला काढल्या आणि गुरुजींना विचारले, "आमी बोललो तर चालंल का?" गुरुजी भिजले होते. म्हणाले, कोणीही बोला.

नथू हात जोडून म्हणाला, "बाई, काळजी करू नगा. तुमचं मत आमी जॉर्जलाच टाकतो."

कावळा शेडवरून उडून खालच्या कठड्यावर आला. दादा, हे मी स्वतः पाहिले.

"ओ नथूभाऊ," कोमल म्हणाली, "बाईंचं मत टाकणारे तुमी कोण? बाई, तुमी पडणाऱ्यांच्या बाजूनं व्हता, मला ठावं हाय. त्येनलाच टाकते मी."

कावळा परत शेडवर गेला.

"उडवलास का न्हाई? चांगला आलता!"

"तुमच्या आवाजानं उडला. हाळी मारल्यासारखं बोलताय, पवनानगरचं शिट भरायचंय का हितं?"

धम्मदीप मध्ये पडला. त्याचे म्हणणे, एका बाजूने बोलून उपयोग नाही, दोन्ही बाजूंना सारखी संधी द्यावी, आणि मध्ये कावळ्याला थोडी विश्रांती द्यावी. तसे झाले. पडणाऱ्यांच्या नावाने कावळा कठड्यावर आला, जॉर्जच्या नावाने परत गेला, पुढच्या वेळी उलटे झाले. कार्ल्याची मंडळी निघायची थांबली. त्यांच्यातल्या एका आजोबांनी जॉर्ज कोण याची चौकशी केली आणि कळल्यावर त्याच्या बाजूने झाले.

मामांना हे सहन झाले नाही. "हा घाट आहे का आखाडा? चला, निघा इथून!" असे म्हणत ते छत्री उगारून पुढे आले. त्यांची छत्री नथूच्या छत्रीत अडकली. नथू सोडवायला गेला, मामांनी ओढली, आणि ते शेवाळावरून सरकून अगदी सावकाश पाठीवर पडले. लागले नाही. पण ते पडले तेव्हा खांदे टेकलेले होते (त्या कुस्तीत खांदे टेकले की पंच तीनपर्यंत मोजतो), आणि धम्मदीपच्या तोंडून सवयीने "एक, दोन" असे निघून गेले. तीन म्हणायच्या आत त्याने जीभ चावली.

अनुष्का हसली. आई गेल्यापासून पोरीच्या तोंडून आवाज निघाला नव्हता. ती हसली, ओढणी तोंडात कोंबून हसत राहिली, आणि मग ते हसणे राहिले नाही. कोमलने तिला धरून ठेवले. मला ते सुचले नाही.

थोड्या वेळाने ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा ना. आईला कुठला हवा होता?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मामांनीही, बसल्या जागेवरून. मी पुढे गेलो. मला वाटले पुढे गेल्यावर आठवेल. काहीच आठवले नाही, कारण आठवायला ते मला कधी माहीतच नव्हते. तिला चहात साखर किती, कोणत्या गुडघ्याला तेल, कोणत्या मुलाचे गणित कच्चे, हे सगळे मला माहीत आहे. मी एवढेच म्हणालो, "मला माहीत नाही. विचारून सांगतो."

कावळा उडून नदीपलीकडे गेला आणि परत आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि शास्त्रात हे पूर्ण चालते असे सांगितले. दर्भाच्या कावळ्याला दिलेला शब्द पोचतो की नाही, हे त्यांना विचारायचे राहिले.

मामांनी सांगितले त्यातले खरे एवढेच. त्या तिघांना दोष देऊ नये. तेरावा झाल्यावरच्या रविवारी संध्याकाळी ते नेहमीच्या वेळी आले. चपला काढून पुढच्या खोलीत बसले. टीव्ही लावावा की नाही हे त्यांना कळेना आणि मलाही. शेवटी मी लावला आणि तिथेच बसलो. आता दर रविवारी बसतो. मला समजावे म्हणून ते जुन्या कुस्त्या लावतात. जॉर्ज पाहिला, बेनही पाहिला. एकाने पंचाच्या मागे दुसऱ्याला लोखंडी खुर्ची मारली, तेव्हा मी विचारले की पंचाला ऐकू कसे आले नाही. कोमल म्हणाली, "साहेब, ऐकू आलं तर त्येला पगार कोन देईल?" मी पुन्हा विचारले की सगळेच खोटे असेल तर बघायचे काय. नथू म्हणाला, "खोटं हाय, पर पाठ खरीच आपटती न्हवं?" बेनची पाठ मी त्यानंतर लक्ष देऊन पाहिली. तरी नीरजाला त्यात काय दिसत होते ते मला दिसले नाही. मी बघतो आहे.

वहिनींना नमस्कार. प्रकृतीस जपावे.

आपला,
चिंतामणी

ता. क. मामांची छत्री मोडली होती. नवी नेऊन दिली. मूठ जुनीसारखी नाही म्हणाले. घेतली.

ता. क. २ पत्र दहाव्याचा खुलासा करायला लिहिले हे वर म्हटले आहे, पण त्यासाठी फोन पुरला असता. फोनवर मला हे विचारता येत नाही म्हणून लिहितो. आपण दोघे लहानपणी भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये शेजाऱ्यांच्या टीव्हीवर ही कुस्ती बघायचात, एवढे तिने एकदा मला सांगितले होते. पुढे मी विचारले नाही. तेव्हा ती कोणाच्या बाजूने असे? जिंकणाऱ्याच्या की पडणाऱ्याच्या? कोणासाठी ओरडायची, कोण हरल्यावर जेवायची नाही, जे आठवेल ते कळवावे. लहानसहान असले तरी चालेल. मंडळींनी ठरवले आहे की तिचे मत आता माझ्याकडे आले, आणि मी ते आपल्याला विचारून देणार म्हणून त्यांनी तिची जागा मोकळी ठेवली आहे.

ता. क. ३ मत कळवण्याची मुदत काल संपली. तरी कळवावे.